उंबऱ्याच्या आतलं फूल

आमच्या सासऱ्यांचा एक नेम होता. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन सकाळची पूजा आमच्या लिंगायत वाण्यांच्या घरात सगळेच करायचे, बायकासुद्धा. भस्म आणि बेलाचं पान असलं की आमचं भागायचं. सासऱ्यांचं भागायचं नाही. त्यांना रोज एक ताजं फूल लागायचं, आणि तेही आमच्याच घरच्या झाडाचं. विकतचं नको, शेजारचं नको, गुरवानं आणून दिलेलं नको. उंबऱ्याच्या आत उगवलेलं फूल वाहिल्याशिवाय ते अन्नाला शिवायचे नाहीत. फूल नसलं तर उपास. ते उपाशी म्हणजे सासूबाई उपाशी, आणि सासूबाई उपाशी म्हणजे मी उपाशी. माझे मालक तेवढे दुकानात बसून गूळ-शेंगदाणे तोंडात टाकायचे.

मी गेवराईची. लग्न होऊन बीडला आले तेव्हा परसात एक जुनी पिवळी कण्हेर होती. ती बारा महिने फुलायची, म्हणून असा काही नेम आहे हेच मला ठाऊक नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात तिच्या बुडाला वाळवी लागली आणि ती एका वाऱ्यात आडवी झाली. दुसऱ्या दिवशी दुपार टळली तरी कुणी जेवायचं नाव काढेना. येसर घालून केलेली आमटी चुलीवर आटत चालली. मी सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "फूल न्हाई घावलं. आज बुधवारीच सोमवार आलाय, असं समज."

मला भूक सोसत नाही. लहानपणापासून नाही. पोट रिकामं असलं की माझी जीभ सुटते आणि भांडी आपटायला लागतात. त्या दिवशी मी इतकी भांडी आपटली की सासूबाईंनी कळशी माझ्या हातातून काढून घेतली. नेम धरायचा तर माणसानं आपल्या पोटापुरता धरावा, दुसऱ्याच्या पोटाला कशाला वेठीला धरायचं, असं मला वाटायचं. हा नेम धरला तरी कशासाठी, असं विचारलं की सासूबाई कणग्यातले दाणे बघायला उठायच्या. सासऱ्यांना विचारायची तर सोयच नव्हती. सुनेनं सासऱ्यांशी तोंड उघडून बोलायची आमच्यात रीत नव्हती. ओट्यावर ते, दारामागं मी, मध्ये सासूबाई. "तिला म्हणावं, पाणी ठेव," ते म्हणायचे. मी ते ऐकलेलं असायचं, तरी सासूबाई मला पुन्हा सांगायच्या, आणि मग मी पाणी ठेवायची.

देवाशी भांडता येत नव्हतं, सासऱ्यांशी बोलता येत नव्हतं. मग राहिलं काय, तर झाडं लावणं. कण्हेरीच्या जागी वाळवी होती, म्हणून जागा म्हणावी तर एक कोपरा. परसाच्या अर्ध्या भागात मिरच्या आणि शेंगा वाळायच्या, उरलेल्यात बैल आणि सरपण. न्हाणीमागं एक तुकडा मोकळा होता. त्यावर शेजाऱ्यांची चिंच ओणवी झालेली. सकाळचं ऊन तिथं यायचं, न्याहारीच्या सुमारास चिंच ते अडवायची, मग दिवसभर मातीवर नुसते कवडसे हलत राहायचे. एक गोष्ट मात्र बरी होती. न्हाणीचं पाणी तिकडंच वाहायचं, म्हणून वैशाखातसुद्धा तिथली माती ओली असायची.

पहिल्या वर्षी मी माहेराहून गुलाब आणला. तो उन्हाच्या शोधात भिंतीपेक्षा उंच गेला आणि एक फूल दिलं नाही. झेंडू लावला, त्याला पानंच पानं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. कुणी सदाफुली सुचवली, ती बारमाही फुलते म्हणून. सासूबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. ती म्हणे मसणवटीत लावतात, देवाला कशी चालेल? त्या वर्षी किती उपास पडले ते विचारू नका. माझी बांगडी कोपरापर्यंत चढायला लागली होती.

मग मी शहाणी झाले. आपल्याला कोणतं फूल आवडतं ते सोडून दिलं आणि त्या कोपऱ्याला कोणतं झाड आवडेल ते विचारायला लागले. बिंदुसरा नदीवर धुण्याला गेलं की मी बायकांना विचारायची, तुमच्याकडं सावलीत काय फुलतं, आणि कोणत्या महिन्यात? बायका हसायच्या. वाण्याची सून वेडी झाली म्हणायच्या. पण फांद्या द्यायच्या. ओल्या फडक्यात गुंडाळून मी त्या पदराखाली घरी आणायची.

तगर लगेच लागली. तिला सावलीचं काही वावगं नव्हतं. पावसाळाभर पांढरी फुलं, उन्हाळ्यातही थोडी, पण थंडी पडली की हात आखडायची. थंडीसाठी मी पिवळी कोरांटी लावली. कार्तिकापासून माघापर्यंत ती सावलीतही भरभरून येते. श्रावण ते दिवाळी आबोली. मोगऱ्याला खरं तर ऊन हवं, म्हणून त्याला भिंतीलगत अगदी पूर्वेच्या टोकाला जागा दिली. चैत्रात त्यानं चार कळ्या का होईना, पण दिल्या. अडत होतं ते फाल्गुनाशी. कोरांटी संपलेली, मोगरा यायचा, तगर रुसलेली. त्या महिन्यासाठी मी चौसाळ्याच्या एका नात्यातल्या बाईकडून लाल जास्वंदीची फांदी मागून आणली.

खरं सांगायचं तर सासऱ्यांचा नेम हे निम्मं निमित्त होतं. मला रंग हवे होते. आमचं सगळं घर मातीच्या रंगाचं, पोती पोत्याच्या रंगाची, बैलही मातकट. सासूबाई म्हणायच्या, महादेवाला पांढरं फूल वाहावं, हे लाल-केशरी कशाला? त्यावर ओट्यावरून उत्तर आलं, "तिला म्हणावं, फूल ते फूल." आयुष्यात माझ्या बाजूनं लागलेला हा पहिला निकाल.

पण धीर नावाची चीज माझ्याकडं नव्हती. फांदी लावली की दुसऱ्या दिवशी मी ती उपटून बघायची, मूळ फुटलं का. "आगं, रोज उपटून बघितल्यावर त्यानं मूळ धरावं कवा?" सासूबाई ओरडायच्या. पहिली जास्वंद मी अशीच मारली. दुसरी जगली, तर तिच्यावर पांढरा मावा चढला. दुकानातला तंबाखूचा चुरा भिजत घालून ते पाणी मी तिच्यावर शिंपडलं. मालक म्हणाले, "गिऱ्हाईकाला तंबाखू पुरंना आन् आमची बायकू झाडाला खाऊ घालती!" हसणारा माणूस. त्यांच्या या हसण्यावरच मी त्या घरात टिकले.

असं करता करता एक अख्खं वर्ष एकही उपास न पडता गेलं. फाल्गुनात पहाटे सासरे जास्वंदीपुढं उभे राहिलेले मी न्हाणीच्या आडून बघायची. ते घाईनं तोडायचे नाहीत. आधी सगळ्या झाडांवरून नजर फिरवायचे, मग एकच फूल निवडायचे. पाडव्याच्या आदल्या दिवशी ते सासूबाईंना म्हणाले, "तिला म्हणावं, फाल्गुन निभावला." मी एवढी फुगले की त्या दिवशी भाकऱ्याही फुगल्या.

त्याच वर्षी दिवाळी झाली आणि गावात उंदीर पडायला लागले. ते कशाचं लक्षण आहे हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. दफ्तरातले लोक त्याला ताऊन म्हणायचे, आम्ही गाठीचा रोग म्हणायचो. काखेत नाही तर जांघेत गाठ आली, ताप चढला की माणूस बघता बघता जायचा. दवंडी पिटली गेली, गाव खाली करा. जो तो आपल्या शेतात, माळावर झोपड्या घालून राहिला. आमचं शेत पालीच्या वाटेवर होतं. कडब्याच्या दोन झोपड्या घातल्या, एकीत आम्ही, एकीत दुकानाचा माल. बैल बाभळीला बांधले.

पहिल्याच सकाळी सासरे दिसेनात. मला वाटलं ओढ्यावर गेले असतील. ऊन वर आलं तेव्हा ते बीडच्या वाटेनं चालत येताना दिसले. उपरण्याच्या टोकात पिवळं कोरांटीचं फूल बांधलेलं. हातपाय धुऊन पूजेला बसले, फूल वाहिलं आणि जेवायला वाढा म्हणाले.

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. ज्या गावातून सगळी माणसं पळून आली, त्या गावात हा म्हातारा फुलासाठी जाऊन आला होता. आणि ते फूल माझं होतं. थंडीत फूल मिळावं म्हणून कोरांटी मीच लावली होती. त्या कोपऱ्यात काही उगवलं नसतं तर त्यांचं पाऊल तिकडं वळलं नसतं.

ते रोज जाऊ लागले. माझं कशातच मन लागेना. भाकरी तव्यावर करपायची आणि मी वाटेकडं बघत उभी. ते दिसले की मी आधी त्यांची चाल बघायची. जांघेत गाठ आली की माणूस पाय फाकवून चालतो, असं ऐकलं होतं. ते बांधावरून उतरताना जरा अडखळले तरी मी चार पावलं पुढं धावायची. मालकांना म्हटलं, तुम्ही का सांगत नाही? ते म्हणाले, "बाप कवा कुणाचं ऐकतो? तूच सांग की," आणि हसले. पण त्या हसण्यात दम नव्हता. सासूबाईंना म्हटलं, तर त्यांनी तोंडाला पदर लावला आणि चुलीत उगीच काटकी सारली.

मी माझ्या परीनं डोकं लढवलं. तगरीची मुळासकट एक डहाळी मालकांनी आणलेल्या सामानात मी आधीच घुसवली होती. ती झोपडीच्या आत, दाराजवळ लावली. दारात बाभळीचं एक फळकूट आडवं पुरून उंबरा केला, त्याला हळदकुंकू लावलं. म्हटलं, आता हे घर झालं, आतलं फूल घरचं झालं. सासरे आले, फळकुटावरून पाय उचलून आत गेले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्यावरूनच पाय उचलून बीडला गेले. तगरीचा तर चार दिवसांत पाचोळा झाला.

अशात शेजारच्या शेतातल्या झोपडीतला तांबट घरात राहिलेला हंडा आणायला गावात गेला. हंडा घेऊन आलाही. पण आठवडा जायच्या आत त्याला गाठ आली आणि तो गेला. त्याच्या बायकोच्या रडण्याचा आवाज बांधावरून आमच्यापर्यंत येत होता. त्या वेळी सासरे नुकतेच पूजा आटोपून उठले होते. ते बांधापर्यंत गेले, हात जोडून उभे राहिले आणि परत येऊन बैलांना पाणी दाखवायला लागले. दुसऱ्या सकाळी पुन्हा गेले.

ते परत आल्यावर मी विळा घेतला. गोवऱ्या वेचायला जाते असं सासूबाईंना सांगितलं आणि भर दुपारी बीडची वाट धरली. भीती वाटत होती, पण राग त्याहून जास्त होता. गावात शिरले तर सगळी दारं ओढलेली, रस्त्यात कुत्रीही नाहीत. आमच्या दुकानाच्या पायरीवर एक उंदीर मरून फुगलेला. साडीचा सोगा वर धरून मी त्याला वळसा घातला आणि बोळातून परसात गेले.

कोपरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता. कोरांटी पिवळीधमक, आबोलीचे अजून थोडे तुरे राहिलेले, आणि जास्वंदीनं तर अवेळी दोन कळ्या धरल्या होत्या. न्हाणी बंद पडून महिना होत आला, तरी बुडाशी माती ओली होती. आडाजवळ पोहरा पालथा घातलेला. म्हणजे हे इथं येऊन नुसतं फूल तोडत नव्हते. पाणी शेंदत होते, झाडांना घालत होते, त्या रोगाच्या गावात घटका घटका रमत होते! मला रडू यायला हवं होतं, पण आला संताप. मी विळा चालवला. कोरांटी बुडाशी कापली, आबोली कापली, तगरीला एक पान ठेवलं नाही. जास्वंदीच्या कळ्या हातानं खुडल्या. ज्या कोपऱ्यात बारा महिने फूल राहावं म्हणून मी एवढी धडपड केली होती, तिथं बोटभर हिरवं राहू नये म्हणून मी मातीवर गुडघे टेकून कापत होते. काटे हातात मोडले, त्याचंही भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासरे नेहमीपेक्षा लवकर परत आले. उपरण्याचं टोक मोकळं. झोपडीबाहेरच्या दगडावर बसले. सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "समदं कुणी तरी कापून टाकलंय." आवाज अगदी बारीक. पूजेलाही उठेनात. मी कडब्याच्या भिंतीआड उभी होते. पदर पुढं ओढला आणि बाहेर आले.

"मामा, मीच कापलं," मी म्हटलं.

त्या घरात आल्यापासून त्यांच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "तिला इचार, कावून कापलं?" ते सासूबाईंना म्हणाले.

"त्यांना कशाला इचारता? मला इचारा की!" मी म्हटलं. आता थांबणं माझ्या हातात नव्हतं. "तुमी रोज मरायला जाता. मी रोज हितं उभी राहून वाट बघते. तुमाला काय झालं तर ह्यांनी कुणाकडं बघायचं? एका फुलापायी? देवाला काय डोळं न्हाईत? अशा येळंला फूल मागणारा देव असला, तर असू द्या उपाशी!"

मालक मालाच्या झोपडीतून धावत आले आणि तिथंच थबकले. सासऱ्यांनी मान वर केली. पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"हा पाळण्यात होता," ते मालकांकडं बोट करून मला म्हणाले. "अंगभर देवी आल्या होत्या. आदीची समदी लेकरं गेलती. हकीम उठून गेला. मी परसातल्या कण्हेरीचं फूल तोडून लिंगावर ठिवलं आन् म्हणलं, एवढा ठिव. रोज घरचं फूल वाहीन, तवाच घास घीन. तवापासून हाय हे. मला माझ्या जिवाचं काय करायचंय? तुझ्याच कुंकवासाठी जात होतो, पोरी."

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "बोललात कावून!" त्या रडायलाच लागल्या. "नेम बोलून दाखवला की सरतो. इतकी वर्सं दातावर दात ठिवून ऱ्हायलो, आन् आता अशा दिवसांत बोललात कावून!"

"तिनं इचारलं," सासरे म्हणाले. "खरं ते सांगावं लागलं." मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले, बेलाच्या पानावर पूजा केली आणि आत येऊन पाटावर बसले. "वाढ, सूनबाई."

मी वाढलं. ते जेवले, सासूबाई जेवल्या. माझं ताट समोर होतं. भूक न सोसणारी मी, भाकरी नुसती कुस्करत बसले. मालक शेजारच्या झोपडीत गुळाची ढेप फोडत होते, त्याचा आवाज येत होता. तो जरा थांबला की मी उठून बघून यायची.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मालकांच्या कपाळाला उठता-बसता हात लावायची. काख बघू द्या म्हणायची. ते म्हणायचे, "बैल इकत घ्यायलीस का काय गं?" त्यांनी आपली कथा हसण्यावारी नेली होती. मला नेता येईना. विश्वास होता का? नव्हता. फूल वाहिल्यानं रोग अडतो, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण एकदा ऐकल्यावर ते न ऐकल्यासारखं कसं करायचं? आमच्या शेजारच्या रानात करडई फुलली होती. एका सकाळी मी गेले, काट्यांतून एक केशरी फूल काढलं, गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं आणि मनातल्या मनात बोलले. वाण्याची सून मी, देवाशीही घासाघीस केली. गावी जाईपर्यंत रानातलं फूल चालवून घे, घरी गेले की घरचं देईन. रोज फूल वाहिल्याशिवाय मीही घास घेणार नाही. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

उन्हाळा तापला तसा रोग ओसरला आणि आम्ही गावात परतलो. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. कोरांटीला बुडापासून नवे फुटवे आले होते, तगर तर पानांनी गच्च भरली होती. कण्हेर मात्र पुन्हा लावली नाही, त्या सरलेल्या नेमाचं झाड नको म्हणून सासूबाईंनी लावू दिली नाही. सासऱ्यांनी त्यानंतर फूल तोडलं नाही. ते नुसते कोपऱ्याशी उभे राहायचे आणि आता मला सरळ विचारायचे, "सूनबाई, मोगरा आला का?" पुढं बऱ्याच वर्षांनी ते झोपेतच गेले. लेकाच्या हातची माती त्यांना मिळाली. आयुष्यात त्यांनी तेवढंच मागितलं होतं.

मी न्याहारीच्या वेळी "आत्ता नको" का म्हणते, पाहुणी म्हणून कुठं गेले तरी दुसऱ्या दिवशीच परतायची घाई का करते, आषाढात जास्वंदीला कीड लागली की चिडचिड का करते, हे आमच्या ह्यांना कधीच कळलं नाही. लेकीच्या बाळंतपणालाही मी तिच्या घरी राहिले नाही, तिलाच इकडं आणलं. तिच्या सासरचे रागावले. "तुला फुलांपुढं माणसं दिसत न्हाईत," असं हे मला म्हणाले. मी ऐकून घेतलं. मी ऐकून घेतलेली तेवढी एकच गोष्ट असेल.

गेल्या माघात ते गेले. चार दिवसांचा ताप, बाकी काही नाही. त्यांना माती देऊन आलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सवयीनं कोपऱ्यात गेले. कोरांटी बहरात होती. फुलाला हात घातला आणि तसाच मागं घेतला. आत जाऊन सुनेला भाकरी मागितली. इतक्या सकाळी मला जेवताना तिनं कधी पाहिलं नव्हतं, ती बघत राहिली. मी जेवले.

म्हणून आज हे सगळं लिहून ठेवते आहे. आता बोलून दाखवायला काही हरकत नाही.